आधी वजनकाट्यावर, मग फॅब्रिकेटरकडे

प्रश्न : काका, नमस्कार. सोरतापवाडीला आमची नर्सरी आहे. इतकी वर्षं झाडं पोचवायला भाड्याची गाडी करत होतो. गेल्या महिन्यात एका वीट-वाळूवाल्याकडून २०१८ची बोलेरो पिकअप घेतली. माल म्हणजे कुंड्या, लाल मातीच्या पिशव्या, शेणखत आणि कधीमधी आठ-दहा फुटी झाडं. गिऱ्हाईक बाणेर-कोथरूडच्या सोसायट्यांत, शिवाय शिंदवणे घाटातून सासवडकडे. गाडीच्या कामासाठी दीड लाख बाजूला काढलेत. धाकट्या भावाने यादी केलीय : मागे दोन पाटे जास्त, मोठे टायर, पुढे लोखंडी गार्ड, टपावर एलईडी बार, प्रेशर हॉर्न, मॅट काळा रंग, म्युझिक सिस्टीम, हौद्याला उंच जाळी. सुट्टीला हौद्यात गादी टाकून मित्रांना भोर-वेल्ह्याकडे न्यायचंही त्याच्या डोक्यात आहे. बाबा म्हणतात, गाडी कमवायला घेतलीय, एक रुपया लावू नका. घरात रोज वाद होतात. कुठून सुरुवात करू? आणि पुढच्या काचेवर नर्सरीचं नाव टाकलं तर चालेल का?
— एक वाचक, सोरतापवाडी

उत्तर : मित्रा, तुझे बाबा आणि भाऊ, दोघंही मला अर्धे बरोबर वाटतात. गाडी कमवायला घेतलीय हे बाबांचं म्हणणं सोळा आणे खरं. पण एक रुपयाही लावायचा नाही, हे वीट-वाळू वाहिलेल्या गाडीला परवडणारं नाही. भावाच्या यादीतली बरीच कामं एकतर बेकायदा आहेत किंवा तुझ्या उपयोगाची नाहीत. दोन गोष्टी मात्र त्याने बरोबर हेरल्यात : रात्री उजेड कमी पडतो, आणि हौद्याला काही केल्याशिवाय झाडं धड पोचत नाहीत. तेव्हा कोणाची यादी खरी, हा वाद सोडून द्या. यादी ओझ्यावरून आणि वाटेवरून करायची असते. तुझं ओझं आहे माती, आणि तिच्या वजनाचा तुझ्या पत्रात कुठेच उल्लेख नाही.

ओली माती घनमीटरला साधारण दीड टन भरते. नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौद्यात फूटभर माती टाकली की अर्धा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) होतो, म्हणजे दोन टनांच्या पुढे वजन. बोलेरो पिकअप मॉडेलप्रमाणे सव्वा ते १.७ टन मालासाठी बनवलेली असते. म्हणजे बघणाऱ्याला हौदा अजून रिकामा वाटतो तेव्हाच गाडी ओव्हरलोड झालेली असते. कुंड्यांचंही तसंच. सकाळी पाइपने भरपूर पाणी घालून लगेच गाडीत चढवलेल्या कुंड्या किती जड होतात, हे उचलणाऱ्याला विचार. आदल्या संध्याकाळी पाणी दिलं तर रात्रीत जास्तीचं पाणी निथळून जातं आणि झाडंही ताजी राहतात.

म्हणून पहिलं काम वजनकाट्यावर. टाकी भर, हौदा रिकामा ठेव, तू आणि मदतनीस आत बसा आणि वजन कर. पावती घेऊन आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, उघड. तिच्यात गाडीचं रिकामं वजन आणि मालासकट एकूण वजन, दोन्ही आकडे असतात. एकूण वजनातून काट्याचा आकडा वजा केलास की तुला खरोखर किती माल नेता येईल ते कळेल. आधीच्या मालकाने जाड पत्रे किंवा अँगल ठोकले असतील तर हा आकडा तुझ्या अंदाजापेक्षा बराच कमी निघेल. यापुढे गाडीवर चढणारं प्रत्येक लोखंड या आकड्यातून कमी होणार आहे, हे भावाला पावती हातात देऊन दाखव. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. माल बाजूने, मागून किंवा उंचीत हद्दीबाहेर आला तरी तेवढेच २०,०००. मोठी झाडं नेणाऱ्या नर्सरीवाल्याने हे दुसरं वाक्य लक्षात ठेवायलाच हवं, कारण फांद्या बाहेर आल्याचं भरताना कोणाला जाणवत नाही.

आता पाट्यांकडे, म्हणजे ॲक्सलवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांकडे येऊ. जास्तीचे पाटे टाकायची कल्पना मला सगळ्यात धोक्याची वाटते, कारण तिच्यामुळे गाडी मजबूत झाल्याचा भास होतो. पाटा वाढवल्याने गाडीचं बूड बसत नाही एवढंच. ॲक्सल, हबचे बेअरिंग, ब्रेक, चेसिस आणि टायर होते तेवढ्याच ताकदीचे राहतात आणि आरसीतलं वजनही बदलत नाही. आणखी एक बाब मेकॅनिक सहसा सांगत नाहीत. काही मालगाड्यांत मागच्या ब्रेकला एक व्हॉल्व्ह असतो. चेसिस आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर बघून तो गाडी भरलेली आहे की रिकामी ते ओळखतो आणि तेवढाच जोर मागच्या ब्रेकला देतो. पाटे वाढवून मागची बाजू उचललीस की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि ऐन गरजेच्या वेळी मागचा ब्रेक कमी लागतो. तुझ्या गाडीत तो आहे का, हे खाली वाकून मेकॅनिककडून बघून घे. आहेत तेच पाटे उतरवून तपास. तुटलेला किंवा बाक गेलेला पाटा बदल, बुश आणि शॅकल नवे टाक, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट बघ. कंपनीने दिलेल्या संख्येएवढे चांगले पाटे आणि नवे शॉकअप बसवल्यावर गाडी इतकी सुधारेल की भाऊसुद्धा पाट्यांचा हट्ट सोडेल, असं मला वाटतं.

वीट-वाळूची गाडी म्हटल्यावर मी चेसिस फार बारकाईने बघितलं असतं. पाट्यांचे हँगर जिथे बसतात तिथे तडे, वेल्डिंगचे गठ्ठे किंवा नुकताच मारलेला काळा रंग दिसतो का? हौद्याखालच्या आडव्या पट्ट्या वाकल्यात का? चेसिसला तडा निघाला तर बाकी सगळं थांबव आणि आधी त्याचा निकाल लाव. तडा गेलेल्या चेसिसवर सुंदर जाळी बसवण्यात अर्थ नाही.

ब्रेकवर मात्र हात आखडता घेऊ नकोस. मागचे ड्रम उघडून लायनर आणि ड्रमची झीज बघ, व्हील सिलिंडर गळतोय का बघ, हबचं ऑइल सील फुटून लायनर तेलकट झालेत का बघ. जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं भर. ते हवेतली ओल शोषून घेतं, आणि घाटात तापलं की त्या ओलीची वाफ होऊन पेडल खाली जातं. शिंदवणे घाटात मातीने भरलेली गाडी उतरवताना असं होऊ द्यायचं नाही. हँडब्रेक भरल्या गाडीसकट चढावर धरतो का, तेही बघ. भोरकडून परतताना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तुला लागणार. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड गाडीने कितीतरी वाहनांना धडक दिली होती. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची सवय ड्रायव्हर लोकांत अजून आहे. तुझी गाडी कोणीही चालवो, उतारावर ती गिअरमध्येच असली पाहिजे, हे चावी देतानाच सांग.

टायर कंपनीच्या मापाचेच घे. मोठ्या टायरने गाडी उंच दिसते, पण इंजिनवर ताण येतो, ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो, स्पीडोमीटर खोटं दाखवतो आणि वळणावर टायर मडगार्डला घासतो. माप तेच ठेवून टायरच्या भिंतीवरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो तो आकडा, बघ, तो मालगाडीचा हवा. भिंतीवर चार आकडी तारीखही असते : ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर मी घाटात नेणार नाही. स्टेपनीचा टायरही याच नजरेने बघ. हवा रिकाम्या आणि भरल्या गाडीला वेगवेगळी लागते. आकडे गाडीच्या पुस्तकात किंवा दाराजवळच्या स्टिकरवर मिळतील.

हे सगळं झालं की महिना-दीड महिना गाडी आहे तशीच चालव. कुठल्या सोसायटीच्या गेटचा आडवा बार किती उंचीवर आहे, कुठली कुंडी कुठे आपटून फुटली, कोणतं झाड वाऱ्याने झोडपलं गेलं, हौद्याचा मागचा फाळका उघडून माल उतरवायला किती जण लागले, याच्या नोंदी डॅशबोर्डवरच्या वहीत ठेव. फॅब्रिकेटरकडे जाशील ते ही वही घेऊन. भोसरी-हडपसर भागात चांगले फॅब्रिकेटर भरपूर आहेत, पण तू नुसतं 'जाळी करून द्या' म्हणालास तर तो त्याच्या सवयीची, सिलिंडरवाल्याला केली तशीच जाळी करून देईल. झाडांची गरज वेगळी आहे.

झाडांना खरा त्रास वाऱ्याचा होतो. सोलापूर रोडवर साठच्या वेगात कोवळी पानं फाटतात आणि जास्वंदीच्या कळ्या गळतात. ताडपत्री घातली तर ती फुग्यासारखी फुगते आणि आत उन्हाने झाडं शिजतात. पन्नास टक्के सावलीची हिरवी शेडनेट हवेचा जोर मोडते आणि थोडी हवाही खेळू देते. एक इंची जीआय पाइपच्या चार-पाच कमानी, हौद्याच्या कडेला त्यांच्यासाठी खोबण्या, पिन काढली की कमान हातात, आणि वर नेट. अशा कमानी हलक्या असतात, मोठं झाड न्यायच्या दिवशी काढून ठेवता येतात आणि सोसायटीच्या बारखालून जायला अडत नाहीत. उंच बॉडी कायमची वेल्ड करणं म्हणजे आरसीतल्या बॉडीत बदल करणं. ती हवीच असेल तर आधी आरटीओची मंजुरी घ्यावी लागेल. सुट्या कमानींबद्दलही एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस, काम सुरू करण्याआधी संगम पुलाजवळच्या कार्यालयात निरीक्षकाला रेखाटन दाखवून विचार.

लहान पिशव्या आणि चार इंची कुंड्यांसाठी दोन मजली मांडणी कर, तीही सुटी. खालच्या मजल्यावर जड आणि वर हलकं, हा नियम मोडायचा नाही. उंचावर वजन गेलं की वळणावर गाडी कलते. जड कुंड्या आणि मातीच्या पिशव्या केबिनच्या बाजूला, मागच्या ॲक्सलच्या पुढे ठेव. सगळं वजन फाळक्याजवळ आलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हाताला लागत नाही. मोठं झाड आडवं नेताना मुळांचा गड्डा केबिनकडे आणि शेंडा मागे. खोड जिथे टेकतं तिथे गोणपाट घाल, फांद्या सुतळीने आवळून हौद्याच्या आत आण. बांधायला दोरीऐवजी रॅचेटचे पट्टे घे आणि ते अडकवायला हौद्याच्या तळाशी जाड कड्या बसवून घे. माझ्या मते सगळ्या यादीत पैशाला सर्वांत जास्त न्याय देणारं काम हेच.

हौद्याच्या तळाला चेकर प्लेट टाकायचा आग्रह होईल. तीन मिलिमीटरची लोखंडी प्लेट तुझ्या हौद्याला साधारण ११० किलो होते. ॲल्युमिनियमची ४० किलोच्या आसपास. फरक सत्तर किलोचा, म्हणजे प्रत्येक खेपेला दोन-तीन मोठ्या कुंड्या. शेणखत, खत आणि ओल यांनी मूळ पत्रा आतून सडतो, म्हणून प्लेटच्या आधी सगळा गंज घासून काढून प्रायमर-रंग दे, पाणी निथळायची भोकं मोकळी कर, आणि ॲल्युमिनियम टाकलंस तर दोन धातूंच्या मध्ये रबर शीट घाल. नाहीतर ओल्या जागी त्यांच्यामुळे गंज आणखी वाढतो. बजेट नसेल तर नुसती जाड रबर मॅट चालेल, पण आठवड्यातून एकदा उचलून खाली धुवायची. वेल्डिंगच्या वेळी स्वतः उभा राहा. बॅटरीच्या तारा आधी काढायच्या, अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळ लावायचा, नाहीतर इंजिनचा ईसीएम, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, जळू शकतो. चेसिसवर थेट वेल्ड किंवा ड्रिल करू द्यायचं नाही.

उजेडाबद्दल भावाची तक्रार खरी आहे, उपाय मात्र चुकीचा. टपावरच्या एलईडी बारने समोरचा दिपतो, आणि तो कायद्यातही बसत नाही. आधी हेडलाइटची काच धूसर झालीय का बघ. पॉलिश कर किंवा नवी बसव. मग बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचतंय का ते मोजून घे. जुन्या वायरिंगमध्ये ते वाटेतच पडतं. रिलेसकट चांगलं वायरिंग, कंपनीच्याच वॅटचे चांगले बल्ब आणि फोकस ॲडजस्ट करून घेतलास तर बरीच तक्रार मिटेल. जास्त वॅटचे बल्ब होल्डर वितळवतात. फोकस माल भरलेला असताना तपास, कारण मागचं वजन वाढलं की उजेड झाडांच्या शेंड्यांवर जातो. पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी नवी लाव. पहाटे चारला मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या गाडीला तिचा फार आधार असतो. रिव्हर्स कॅमेराही घे. सोसायट्यांत मुलं खेळत असतात आणि भरल्या हौद्यामागचं काहीच दिसत नाही.

लोखंडी गार्ड नको. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं. धडकेत तो पायी माणसाला जास्त जखमी करतो आणि आघात थेट चेसिसवर नेतो. प्रेशर हॉर्न नको. रंग आरसीत नोंदलेला असतो, तोही तसाच राहू दे. कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत बदल करायला मनाई करतं, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. ८० ला बांधलेला स्पीड गव्हर्नरही काढू देऊ नकोस. म्युझिक सिस्टीम बसवा की. दिवसभर एकट्याने गाडी चालवणाऱ्याला गाणी हवीतच. त्याआधी ड्रायव्हरच्या सीटचा फोम मात्र बदल.

आता भोर-वेल्ह्याची सहल. याबाबतीत मी तुला जरा कडक बोलणार आहे. थांबलेल्या गाडीच्या हौद्यात गादी टाकून, वर नेट आणि ताडपत्री घालून झोपायला माझी काही हरकत नाही. त्यासाठी प्लायवूडच्या दोन सुट्या पेट्या पुरतात. पण चालत्या गाडीच्या हौद्यात माणूस बसवायचा नाही. मित्र नाही, नर्सरीतल्या बायका नाहीत, दहा मिनिटांच्या वाटेवरही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, खेड तालुक्यात, कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांचा पिकअप घाटात कोसळला आणि त्यातल्या अनेक जणी घरी परतल्या नाहीत. हौद्याला सीट नाही, पट्टा नाही, धरायला काही नाही. हौद्यात फुकट नेलेल्या मित्रांना मालगाडीचा विमाही सहसा संरक्षण देत नाही. आरसीत केबिनची जेवढी क्षमता लिहिलीय तेवढेच लोक, बाकीचे दुसऱ्या गाडीने. भावाला हे तू सांग, बाबांना सांगायला लावू नकोस.

कागदांकडे लगेच बघ. गाडी तुझ्या नावावर करायला विक्रीपासून तीस दिवसांची आणि विमा नावावर करायला चौदा दिवसांची मुदत असते. तू महिना म्हणतोस, म्हणजे राहिलं असेल तर या आठवड्यात कर. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र विकणाऱ्याकडूनच घे. जुने ई-चलान ऑनलाइन तपास. गाडी एप्रिल २०१९च्या आधीची असल्याने नवी एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर पाटी लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, दोन वर्षांनी असतं, नंतर दर वर्षी. त्याची तारीख बघून ठेव. विमा एजंटला विचार की पॉलिसीत आयएमटी-२३ हे जादा संरक्षणाचं कलम घेतलंय का. मालगाड्यांच्या पॉलिसीत ते नसेल तर दिवे, टायर, मडगार्ड, बंपर आणि रंगाच्या नुकसानीचे पैसे बहुधा मिळत नाहीत. नवी मांडणी आणि कॅमेरा बसवल्यावर त्याची किंमत कंपनीला लेखी कळव.

पैशांचं असं कर. दीड लाखातले निम्मे ब्रेक, टायर, पाटे, बुश आणि इंजिन, गिअर, डिफरन्शियलच्या तेलांना. पस्तीस हजार हौद्याला, पंधरा हजार उजेड, कॅमेरा आणि सीटला. उरलेले पंचवीस हजार हात न लावता ठेव, कारण जुन्या डिझेल गाडीचा क्लच किंवा नोझल कधी खर्च काढेल ते सांगता येत नाही, आणि सीझनमध्ये गाडी आठवडाभर उभी राहिली तर तुला पुन्हा भाड्याची गाडी करावी लागेल. ही वाटणी बाबांसमोर मांड. पहिले पंच्याहत्तर हजार गाडी नटवण्यावर जात नाहीत, हे त्यांना आकड्यांतून दिसेल. हौद्याचं रेखाटन भावाच्या हाती दे. त्याला दिसण्याची नजर आहे, तिचा तिथे उपयोग होईल.

आणि काचेवर नाव टाकू नकोस. समोरून नीट दिसायला हवं, शिवाय काचेच्या पारदर्शकतेचा नियमही आहे. नाव आणि फोन नंबर फाळक्यावर आणि हौद्याच्या दोन्ही बाजूंना चांगल्या पेंटरकडून मोठ्या अक्षरांत लिहून घे. सिग्नलला मागे थांबलेला माणूस फाळकाच वाचतो, आणि बाणेरच्या सोसायट्यांतलं पुढचं गिऱ्हाईक त्यातूनच येईल.